आर्थिक शोधपत्रकारितेची वाट: ताळेबंदापासून बातमीपर्यंत

२३ एप्रिल १९९२ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'मध्ये सुचेता दलाल यांची बातमी आली आणि स्टेट बँकेच्या रोखे व्यवहारांत सुमारे ५०० कोटी रुपयांची तूट असल्याचे देशाला कळले. पुढे हर्षद मेहता प्रकरण म्हणून जे ओळखले गेले, त्याची कथा बहुतेकांना शेअर बाजारातील तेजीच्या अंगाने ठाऊक असते. या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्याने ती दुसऱ्या टोकाकडून वाचावी. त्या काळी एक बँक दुसऱ्या बँकेला सरकारी रोखे विकून ठरावीक दिवसांनी ते परत विकत घेण्याचा करार करत असे. व्यवहाराला विक्री म्हटले जात असले तरी ते अल्पमुदतीचे कर्जच होते. रोखे प्रत्यक्ष हाती न देता त्यांच्या बदल्यात 'बँक रिसीट' नावाची पावती दिली जाई, आणि दोन बँकांची केवळ गाठ घालून देणे ज्याचे काम, तो दलाल मधले पैसे स्वतःच्या खात्यातून फिरवू लागला होता. पावतीमागे रोखे आहेत की नाहीत, हे कोणी पाहत नव्हते. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन सहकारी बँक या दोन लहान बँकांनी तर मागे रोखे नसतानाच अशा पावत्या दिल्या होत्या. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने मोजलेली रक्कम ४,००० कोटींच्या वर गेली, आणि बँक ऑफ कराड १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियाच्या ताब्यात गेली.

या साऱ्या गुंत्यात बातमीदाराला विचारायचा प्रश्न एवढाच होता की, या कागदाच्या मागे खरोखर काय आहे. पुढील मजकूर हा प्रश्न विचारण्याची सवय कशी लावावी, उत्तर कोठे शोधावे आणि ते छापण्याच्या योग्यतेचे कसे करावे, याविषयी आहे.

आधी काय शिकावे

या कामाला अमुकच पदवी लागते असे नाही. सुचेता दलाल स्वतः सांख्यिकी आणि कायदा शिकून पत्रकारितेत आल्या. वाणिज्य शाखेची पदवी, सनदी लेखापालाच्या कार्यालयातील उमेदवारी किंवा कायद्याचे शिक्षण यांपैकी काही हाताशी असेल तर सुरुवात सोपी जाते. परंतु मराठी विषय घेऊन बी. ए. झालेले आणि बाजार समितीतील शेतमालाचे भाव देता देता ताळेबंद वाचायला शिकलेले जिल्ह्याचे बातमीदार मी पाहिले आहेत, आणि त्यांचे काम पाहून माझ्या मनात आदरच निर्माण झाला आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी बातमी कशी लिहावी हे शिकता येईल, पण आकड्यांची भाषा बहुतेकांना त्यानंतर स्वतःच शिकावी लागते. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने स्थापन केलेल्या एनआयएसएम या संस्थेच्या परीक्षा बाजाराबाहेरच्या व्यक्तीलाही देता येतात, आणि प्रमाणपत्र नको असले तरी त्यांची अभ्यासपुस्तके वाचण्यासारखी आहेत.

माझा आग्रह याहून साध्या अभ्यासाचा आहे. ओळखीच्या एखाद्या किराणा दुकानदाराच्या परवानगीने त्याचा एका महिन्याचा हिशेब स्वतःच्या हाताने लिहावा: रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची नोंद), तीवरून खतावणी (त्याच नोंदी खातेनिहाय), खतावणीवरून तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांची यादी) आणि शेवटी ताळेबंद. प्रत्येक रुपयाची नोंद दोन ठिकाणी होते, हे पुस्तकात वाचून कळते. एका ठिकाणी खोटी नोंद केली तर दुसरीकडे कोणती खोटी नोंद करावी लागते, हे हाताने लिहिल्यावरच कळते. खोटी विक्री दाखवणाऱ्याला तिचे पैसे एकतर ग्राहकाकडून येणे दाखवावे लागतात किंवा बँकेत जमा दाखवावे लागतात. पुढे मोठ्यात मोठ्या कंपनीच्या हिशेबातही आपण ही दुसरी नोंदच शोधत असतो.

अहवाल कोणत्या क्रमाने वाचावा

कंपनीचा वार्षिक अहवाल पहिल्या पानापासून वाचू नये. पहिली पन्नास-साठ पाने कंपनीला जे सांगायचे असते त्यासाठी असतात. सुरुवात लेखापरीक्षकाच्या अहवालापासून करावी आणि त्याने आपले मत कोणत्या शब्दांत दिले आहे ते पाहावे. मत निर्मळ आहे, काही अटींसह दिलेले आहे, प्रतिकूल आहे, की मत देण्यासच नकार दिला आहे? मत निर्मळ असूनही 'विशेष लक्ष वेधणारी बाब' म्हणून एखादा परिच्छेद जोडलेला असेल, तर तो दोनदा वाचावा. त्याच अहवालाला 'कारो' नावाचे परिशिष्ट असते आणि नवख्या बातमीदारांच्या नजरेतून नेमके तेच निसटते. कंपनीने कर्जाचे हप्ते थकवले आहेत का, सरकारी देणी भरली आहेत का, बँकेला दर तिमाहीस दिलेली मालसाठ्याची विवरणपत्रे हिशेबाच्या वह्यांशी जुळतात का, या प्रश्नांची उत्तरे लेखापरीक्षकाला तेथे द्यावीच लागतात.

त्यानंतर रोखप्रवाह पत्रक पाहावे. नफा दाखवण्यात व्यवस्थापनाच्या अंदाजाला बराच वाव असतो, रोकड दाखवण्यात तो कमी असतो. म्हणून नफा दरवर्षी वाढतो आहे पण प्रत्यक्ष व्यवसायातून येणारी रोकड तीन-चार वर्षे उणे आहे, असे दिसले की त्या कंपनीची फाइल उघडावी. मार्च २००१ मध्ये 'फॉर्च्युन' मासिकात बेथनी मॅक्लीन यांनी एन्रॉनविषयी विचारलेला प्रश्न असाच साधा होता: ही कंपनी पैसे नेमके कशातून मिळवते? दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे महाराष्ट्रात घरोघरी माहीत झालेली ती कंपनी त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली.

रोकडीवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे सत्यम या संगणकसेवा कंपनीने शिकवले. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी दिलेल्या कबुलीपत्रानुसार ताळेबंदातील ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. असा आकडा पडताळण्याचे बाहेरच्या माणसाच्या हातात असलेले साधन म्हणजे व्याज. वर्षभर बँकेत असलेल्या रकमेवर साधारण किती व्याज मिळायला हवे आणि नफा-तोटा पत्रकात किती दिसते, हा भागाकार करायला पाच मिनिटे लागतात. एवढी रोकड पडून असताना कंपनी चढ्या व्याजाने कर्ज का घेते, हा त्याच्या जोडीचा प्रश्न. पतमानांकनाला पुरावा मानू नये. वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या आयएल अँड एफएस समूहाला २०१८ च्या उन्हाळ्यात सर्वोच्च मानांकन होते आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत त्याची देणी थकू लागली होती.

शेवटी टिपा वाचाव्यात, त्यातही संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार आणि संभाव्य देणी यांवरच्या टिपा प्रथम. संचालकाच्या मेहुण्याच्या कंपनीला दिलेले बिनव्याजी कर्ज मुख्य पत्रकात 'इतर अग्रिमे' या निरुपद्रवी नावाखाली गेलेले असते. येथे एक सावधगिरी बाळगावी. एकट्या कंपनीचे आकडे आणि उपकंपन्यांसह एकत्रित आकडे एकाच अहवालात असतात. माझ्या उमेदवारीच्या काळात मी एका वर्षाचे एकट्याचे आणि दुसऱ्या वर्षाचे एकत्रित आकडे शेजारी ठेवून 'घसरण' शोधून काढली होती. रात्रपाळीच्या उपसंपादकाने मूळ पाने मागितली म्हणून ती बातमी छापली गेली नाही. तेव्हापासून प्रत्येक आकड्याशेजारी अहवालाचा पानक्रमांक लिहिल्याशिवाय मी पुढचे वाक्य लिहीत नाही.

सहकारी बँक आणि पतसंस्था

मराठीत हे काम करणाऱ्याने सर्वाधिक वेळ येथे द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईतील मोठ्या कंपन्यांवर इंग्रजी वृत्तपत्रांची, दलाली पेढ्यांची आणि गुंतवणूकदार संस्थांची नजर असते. तालुक्याच्या गावातील पतसंस्थेचे अहवाल मात्र सभासदांशिवाय कोणाच्या हाती जात नाहीत, आणि त्यांत पैसे असतात ते निवृत्तिवेतनाचे, ऊसबिलाचे आणि मुलीच्या लग्नासाठी साठवलेले.

पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे उदाहरण अभ्यासासाठी घ्यावे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवीदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा दिली. सहा महिन्यांपूर्वी, म्हणजे मार्चअखेरच्या अहवालात, हीच बँक आपली ढोबळ अनुत्पादक, म्हणजे परतफेड थकलेली, कर्जे ३.७६ टक्के असल्याचे सांगत होती. प्रत्यक्षात सुमारे ८,८८० कोटींच्या एकूण कर्जांपैकी ६,५०० कोटींहून अधिक, म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होती, आणि पोलिसांकडील तक्रारीनुसार ती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवण्यात आली होती. अशी खाती अहवालात दिसत नाहीत, हे खरे. म्हणून कर्जदाराच्या बाजूनेही शोध घ्यावा. निर्बंध येण्याच्या महिनाभर आधी, ऑगस्ट २०१९ मध्ये, बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून एचडीआयएलचे प्रकरण कंपनी न्यायाधिकरणाने नादारीसाठी दाखल करून घेतले होते. एखादा मोठा कर्जदार एका बँकेचे पैसे देत नाही हे जाहीर झाले, की त्याला आणखी कोणाकोणाचे देणे आहे आणि त्यांतील कोणती बँक अजून सगळे आलबेल असल्याचे सांगते आहे, हे विचारण्याची वेळ आलेली असते.

छोट्या संस्थेच्या अहवालात 'येणे व्याज' हा आकडा सर्वप्रथम पाहावा. कर्जे दहा टक्क्यांनी वाढली आणि येणे व्याज चाळीस टक्क्यांनी वाढले, तर कर्जदार पैसे देत नसताना संस्था ते उत्पन्नात धरत असण्याची शक्यता मोठी असते. नंतर लेखापरीक्षणाचा वर्ग पाहावा. गेली तीन वर्षे 'अ' असलेला वर्ग अचानक 'क' झाला असेल, किंवा अहवालातून वर्गाचा उल्लेखच गायब झाला असेल, तर दोष-दुरुस्ती अहवाल मागावा. ठेवींवरचा व्याजदर आसपासच्या बँकांपेक्षा दोन-तीन टक्क्यांनी अधिक असण्याचे कारणही विचारावे. बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे, फेब्रुवारी २०२० पूर्वी ते एक लाख होते, पण पतसंस्थेतील ठेवीला ते मुळीच नाही. पतसंस्थेवरील प्रत्येक बातमीत हे वाक्य आले पाहिजे, कारण आजही असंख्य ठेवीदारांना हा फरक माहीत नसतो.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबर हा या बातमीदाराचा हंगाम. सभेत 'मंजूर, मंजूर' च्या गजरात विषयपत्रिका दहा मिनिटांत संपली तरी मागच्या रांगेत बसून राहावे. ज्या सभासदाला प्रश्न विचारू दिला गेला नाही, तो बाहेर चहाच्या टपरीवर भेटतो आणि त्याच्या पिशवीत गेल्या पाच वर्षांचे अहवाल असतात.

कागद कोठे मिळतात

गुप्त कागदांच्या मागे लागण्यापूर्वी खुले कागद संपवावेत. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोड्या शुल्कात कंपनीची वार्षिक विवरणपत्रे, संचालकांच्या नेमणुका आणि मालमत्तेवर कोणकोणत्या बँकांचा बोजा आहे त्याची नोंद पाहता येते. भागधारणेचा तपशील दर तिमाहीस शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर येतो. प्रवर्तकांनी किती समभाग गहाण ठेवले आहेत हा स्तंभ त्यातला सर्वांत बोलका. बांधकाम व्यावसायिकांसाठी महारेरा आहे, जेथे प्रकल्पाची मूळ पूर्णत्वाची तारीख आणि मिळालेल्या मुदतवाढी शेजारीशेजारी दिसतात. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन आहे, तेव्हा त्या खात्याविषयी प्रश्न विचारता येतो. जमिनीच्या व्यवहारासाठी सातबारा आणि फेरफार पाहावेत, आणि नोंदणी विभागाच्या शोधसेवेतून 'इंडेक्स टू', म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, काढावा. एकच जमीन आठ महिन्यांत तीनदा विकली गेली आणि दर वेळी किंमत दुप्पट झाली, ही गोष्ट तीन पानांवर उघड्यावर लिहिलेली असते. ती एकत्र वाचणारा कोणी नसतो.

साखर कारखान्यांविषयी लिहिणाऱ्याने पुण्याच्या साखर संकुलाशी, म्हणजे साखर आयुक्तालयाशी, नाते जोडावे. उसाची रास्त व किफायतशीर किंमत चौदा दिवसांत देण्याचे बंधन आहे. कोणत्या कारखान्याने ती किती थकवली, कोणावर महसुली वसुलीची कारवाई झाली, याच्या याद्या तेथे तयार होतात. त्या यादीची कारखान्याच्या ताळेबंदातील 'ऊसबिल देणे' या आकड्याशी गाठ घालावी.

माहिती अधिकाराच्या अर्जात लोकांची एक चूक नेहमी होते. ते कारणे विचारतात आणि उत्तरात नकार मिळतो. अर्जात कागदाचे नाव, कालावधी आणि कार्यालय नेमके लिहावे. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांचा आणि एकाच विषयाचा असावा लागतो, म्हणून मोठा विषय तीन-चार अर्जांत वाटावा. कोणता कागद आहे हेच ठाऊक नसेल, तर प्रतींऐवजी आधी अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणी मागावी. फाइल हातात आली की तिच्या टिपणीच्या पानांवरून पुढचे चार अर्ज सुचतात. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपिलाची तारीख चुकवू नये. सहकारी संस्था स्वतः माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाही असे उत्तर मिळाले, तरी निराश होऊ नये. केरळमधील थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये साध्या सहकारी संस्थांना सार्वजनिक प्राधिकरण मानले नाही, पण निबंधकाला कायद्याने जी माहिती संस्थेकडून घेता येते ती निबंधकाकडून मागता येते, हेही स्पष्ट केले. म्हणून अर्ज जिल्हा उपनिबंधकाकडे करावा, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८३ खालील चौकशीचा अहवाल, कलम ८८ खाली निश्चित केलेली जबाबदारी व कलम १०१ खालील वसुली दाखले यांच्या प्रती मागाव्यात. बँकांच्या तपासणी अहवालांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१५ चा जयंतीलाल मिस्त्री प्रकरणातील निकाल सोबत ठेवावा. बँकांशी आपले विश्वासाचे नाते असल्याने त्यांची माहिती देता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा युक्तिवाद त्यात फेटाळला गेला. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीविषयीचा अपवाद बराच रुंद केला आहे, त्यामुळे व्यक्तींच्या नावांऐवजी व्यवहारांच्या रकमा आणि तारखा मागणारे अर्ज अधिक टिकतात.

गोळा केलेले कागद नुसते साठवून उपयोग नाही. १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये बॅरिस्टर अंतुले यांच्याशी संबंधित न्यासांना मिळालेल्या देणग्यांचे प्रकरण मांडले, तेव्हा त्याचा कणा होता तो देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांच्यातील मेळ. सिमेंटवर त्या वेळी नियंत्रण होते आणि बांधकाम व्यावसायिकांना ते हवे होते. मुंबई उच्च न्यायालयाने हा संबंध मान्य केल्यानंतर जानेवारी १९८२ मध्ये अंतुले यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. फौजदारी खटले पुढे अनेक वर्षे चालले. आपल्याकडील प्रत्येक प्रकरणात असा तक्ता बनवावा: डावीकडे तारीख, मग कोणी काय दिले, मग कोणाला काय मिळाले, आणि शेवटच्या स्तंभात त्या नोंदीचा कागद. रिकामे राहिलेले चौकोन पाहून पुढचा शोध ठरतो.

माणसे, आणि कागदाची परीक्षा

आर्थिक बातमीचे सूत्र बहुधा मोठा अधिकारी नसतो. शाखेतून बदली झालेला लेखनिक, बढती डावलली गेलेला वसुली अधिकारी, राजीनामा दिलेला कंपनी सचिव किंवा काम सोडून दिलेला लेखापरीक्षक यांना हिशेबाचा तपशील माहीत असतो. वर्षाच्या मध्यात लेखापरीक्षकाने राजीनामा दिला असेल तर त्याचे पत्र जरूर मिळवावे. बोलणाऱ्याचा हेतू निर्मळ असलाच पाहिजे असा हट्ट धरू नये, मात्र तो ओळखून असावे, कारण समभाग पडावेत म्हणून कागद पुरवणारेही असतात. सूत्राचे नाव उघड न करण्याचे संपूर्ण कायदेशीर कवच भारतातील पत्रकाराला नाही. त्यामुळे त्याच्या कार्यालयाच्या ईमेलवर किंवा दूरध्वनीवर संपर्क न करणे, मूळ प्रत ताब्यात न घेणे आणि त्याच्या प्रतीवरील खुणांसह कागद न छापणे, ही काळजी आपणच घ्यावी लागते.

हाती आलेला कागद खरा आहे का, याची परीक्षा मराठी पत्रकारितेने फार लवकर आणि फार कठोरपणे दिली आहे. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध 'केसरी' आणि 'मराठा'ने ज्या पत्रांच्या आधारे लिहिले ती न्यायालयात बनावट ठरली, आणि टिळक व आगरकर यांना १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांच्या हेतूविषयी आजही कोणी शंका घेणार नाही. कागद मात्र खोटे होते. म्हणून प्रत्येक कागदाला दुसऱ्या, स्वतंत्र वाटेने आलेल्या कागदाची साथ मिळवावी. पत्राचा जावक क्रमांक कार्यालयाच्या नोंदवहीत आहे का, सही करणारा त्या तारखेला त्या पदावर होता का, धनादेशाची तारीख सुट्टीची तर नव्हती, अशा किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नांनी बनावट कागद उघडा पडतो.

पत्त्यावर स्वतः जावे. जर्मनीतील वायरकार्ड या ऑनलाइन पैसे देवघेवीचे काम करणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात 'फायनान्शियल टाइम्स'चे प्रतिनिधी फिलिपाइन्समधील भागीदार कंपनीच्या पत्त्यावर गेले, तेव्हा तेथे एका निवृत्त खलाशाचे कुटुंब राहत असल्याचे आढळले. जर्मन नियामकाने उलट पत्रकारांविरुद्धच तक्रार केली. जून २०२० मध्ये १.९ अब्ज युरो सापडत नसल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. आपल्याकडेही कोट्यवधींचे कर्ज घेतलेल्या कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर चाळीतील बंद खोली मिळते, आणि शेजारी त्या खोलीत कोण राहते ते सांगतात.

छापण्यापूर्वी

लेख तयार झाला की त्याची एक प्रत घेऊन प्रत्येक वाक्यासमोर त्याचा आधार लिहावा. आधार नसलेले वाक्य कितीही खरे वाटत असले तरी काढावे. 'लूट', 'दरोडा', 'महाघोटाळा' हे शब्दही काढावेत. रक्कम, तारीख आणि नियम एवढे दिले की वाचकाला ते शब्द स्वतः सुचतात. न्यायालयात या शब्दांचाच कीस पाडला जातो. अब्रुनुकसानी हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मजकूर खरा असणे पुरेसे नसून तो लोकहितासाठी छापला हेही दाखवावे लागते, म्हणून कोणाचे पैसे अडकले आहेत हा परिच्छेद बातमीत वरच यावा.

ज्यांच्याविषयी लिहितो त्यांना लेखी प्रश्नावली पाठवावी, तिच्यात आरोपाचा प्रत्येक मुद्दा असावा आणि उत्तरासाठी ठरावीक मुदत असावी. मुदतीचे महत्त्व मला उशिरा कळले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या हिशेबातील मोठी विसंगती माझ्या हाती होती. मी मुदत न घालता प्रश्न पाठवले आणि उत्तराची वाट पाहत सहा आठवडे थांबलो. बातमी आल्यानंतर एक निवृत्त शिक्षिका कार्यालयात आल्या आणि त्यांनी मुदत ठेवीची पावती माझ्यासमोर ठेवली. तिच्यावरची तारीख माझ्या प्रश्नावलीनंतर तीन आठवड्यांची होती. आता मी सात दिवस देतो, एक स्मरणपत्र पाठवतो आणि आलेले उत्तर पूर्ण छापतो.

याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. बँकेविषयीची चुकीची बातमी धडधाकट बँकेसमोर रांगा लावू शकते. म्हणून 'बँक बुडणार' असे भाकीत कधीही करू नये. काय घडले आहे, नियामकाने काय म्हटले आहे, ठेवीला किती विमा आहे आणि ठेवीदाराने कोठे चौकशी करावी, एवढेच लिहावे. मथळा बहुधा दुसरा कोणी देतो, त्यामुळे अशा बातमीच्या रात्री पान जाईपर्यंत कार्यालयात थांबावे.

स्वतःचे पैसे आणि स्वतःची नोकरी

ज्या कंपनीविषयी लिहितो तिचे समभाग बाळगू नयेत. आधीपासून असतील तर संपादकांना लेखी कळवावे. अप्रकाशित माहितीच्या आधारे स्वतः व्यवहार करणे किंवा नातेवाइकाला इशारा देणे हे सेबीच्या २०१५ च्या नियमांखाली पत्रकारालाही महागात पडते, आणि भेटवस्तू, सहली, प्राधान्याने मिळणारे समभाग यांविषयी प्रेस कौन्सिलचे निकष स्पष्ट आहेत.

उत्पन्नाच्या बाबतीत नव्या माणसाला खोटी आशा दाखवणे योग्य नाही. मराठी वृत्तपत्रांत केवळ शोधपत्रकारितेसाठी नेमलेल्या जागा थोड्या आहेत. पहिली पाच-सहा वर्षे रोजची बाजाराची, बँकांची, सहकाराची बातमी देत राहावे लागते आणि मोठे प्रकरण त्यातून वाचवलेल्या वेळेत उभे करावे लागते. त्या रोजच्या कामाला कमी लेखू नये, कारण शंभर सामान्य ताळेबंद पाहिल्याशिवाय असामान्य ताळेबंद ओळखू येत नाही. एका वेळी एकच मोठे प्रकरण आणि दोन लहान फाइली, एवढेच हाती घ्यावे. सनदी लेखापाल, वकील आणि निवृत्त सहकार अधिकारी असे तिघे तरी असे जोडावेत की ज्यांना मसुदा न दाखवताही शंका विचारता येईल.

बातमी छापून आली की फाइल बंद करू नये. कलम ८८ ची चौकशी कोठवर आली, वसुली दाखल्यांपैकी किती प्रत्यक्षात वसूल झाले, जप्त मालमत्तेचा लिलाव झाला का आणि ठेवीदारांच्या हातात किती पडले, याच्या तारखा दैनंदिनीत आधीच लिहून ठेवाव्यात. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवी परत करण्यासाठी दहा वर्षांपर्यंतचे टप्पे ठरले. त्या बँकेच्या ठेवीदारांविषयी लिहायला आज जो बातमीदार घेईल, त्याच्या दैनंदिनीत २०३२ पर्यंतची पाने लागतील.